कर्करोगाची चाळणी तपासणी : नफा-तोट्याचा ताळेबंद



अलीकडे गावोगाव तपासणी शिबिरे भरतात. कुणी संपूर्ण शरीर तपासणीचे पॅकेज घेऊन येतो, तर कुणी एका बाटलीभर रक्तात सगळे कॅन्सर कळतील असे सांगतो. अशा वेळी सभासद आम्हांस हटकून विचारतात, "तपासून घेतलेलं बरं नव्हे का? तपासण्यात आपलं काय जातंय?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर सरसकट देता येत नाही. काही तपासण्यांनी माणसे खरोखर वाचतात व त्या न करणे हा निव्वळ निष्काळजीपणा ठरतो. काही तपासण्यांत लाभापेक्षा नुकसान जास्त होते. काहींचे पारडे जवळजवळ समसमान राहते. यांतील कोणती कशात मोडते हे समजावे म्हणून या अंकात आम्ही हा ताळेबंद मांडीत आहोत. मराठीत या रोगास कर्करोग म्हणतात, बोलताना आपण कॅन्सरच म्हणतो. पुढे दोन्ही शब्द येतील.

चाळणी तपासणी म्हणजे काय?

ज्याला काहीही त्रास नाही, जो रोज शेतावर जातो, जेवतो-खातो, अशा धडधाकट माणसाची रोग शोधण्यासाठी केलेली तपासणी म्हणजे चाळणी तपासणी होय. ही व्याख्या नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन फक्त अशाच माणसांबद्दल आहे.

ज्याला त्रास आहे त्याची गोष्ट निराळी. तोंडातील फोड वा चट्टा तीन आठवड्यांत बरा होत नाही, तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, स्तनात गाठ हाताला लागते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाते, संबंधानंतर रक्त जाते, शौचावाटे रक्त पडते, घास अडकतो, आवाज बसलेला सुटत नाही, कारण नसता वजन उतरते, यांपैकी एखादे लक्षण असेल तर नफा-तोट्याचा विचार करीत बसू नये आणि शिबिराची वाटही पाहू नये. सरळ दवाखाना गाठावा. "ऊस गेल्यावर बघू" म्हणून पुढे ढकलू नये.

लवकर सापडला म्हणजे वाचला, असे नेहमीच नसते

येथे पुष्कळांची समजूत चुकते. रोग लवकर सापडला, मग माणूस जास्त जगणारच, असे आपण धरून चालतो. एक उदाहरण घेऊ. दोन माणसांना एकाच जातीचा कॅन्सर आहे व दोघेही २०२० साली वारतात. पहिल्याचा रोग २०१८ साली त्रास सुरू झाल्यावर कळला. दुसऱ्याचा चाळणी तपासणीत २०१२ सालीच कळला. कागदावर पहिला दोन वर्षे जगला आणि दुसरा आठ वर्षे. पाहणारा म्हणेल, तपासणीमुळे सहा वर्षे आयुष्य वाढले. प्रत्यक्षात एक दिवसही वाढला नाही. त्याला फक्त रोगाची बातमी सहा वर्षे आधी कळली.

आपल्या धंद्यातला दाखला द्यायचा तर, लागणीच्या नोंदीत तारीख महिनाभर मागे टाकली म्हणून ऊस महिनाभर जास्त पक्व होत नाही. काट्यावर जे टन भरायचे तेवढेच भरतात.

म्हणून तपासणीची पारख "रोगी निदानानंतर किती वर्षे जगले" यावरून करीत नाहीत. सारख्या वस्तीतील लोकांचे दोन गट करतात. एका गटाला तपासणी देतात, दुसऱ्याला नेहमीची वैद्यकीय सेवा राहते. मग दहा-वीस वर्षे थांबून कोणत्या गटात त्या रोगाने किती माणसे मेली हे मोजतात. काट्यावरचे खरे वजन तेच. बाकी सर्व अंदाज.

आपल्याच भागातला पुरावा

असा मोठा प्रयोग परदेशातच झाला असे नव्हे. तो आपल्या मराठवाड्यात झाला आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत वाटणी केली. एका गटात एच.पी.व्ही. या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची काचपट्टी तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगारसारखे सौम्य ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत. चौथ्या गटात चाळणी तपासणी नव्हती. या चौथ्या गटावरून पुढे टीका झाली व ती टीका गैरलागू म्हणता येत नाही. पण निष्कर्ष आता सर्व जगापुढे आहे.

२००९ साली तो प्रसिद्ध झाला. विषाणूची चाचणी मिळालेल्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांत आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न मिळालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांत ६४ मृत्यू. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. काचपट्टी व डोळ्यांनी पाहणे या दोन गटांत अनुक्रमे ५४ व ५६ मृत्यू झाले, पण हा फरक निःसंशय म्हणावा इतका मोठा नव्हता.

येथे चाचणी का फळाला आली, हे समजून घ्यावे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. विषाणूची लागण टिकून राहिल्यास पेशी बिघडत बिघडत कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे जातात. मधल्या काळात तो बिघाड सापडला तर बिघडलेला भाग दवाखान्यातच गोठवून वा तापवून काढता येतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी काढावी लागत नाही. म्हणजे सापडण्यास भरपूर अवधी आहे, सापडल्यावर सोपा इलाज आहे, आणि तो वेळीच केला तर पुढचा रोग टळतो. ज्या कॅन्सरमध्ये या तीन गोष्टी जुळतात, तेथे चाळणी कामी येते.

डोळ्यांनी पाहण्याची पद्धत अगदीच टाकाऊ आहे असेही समजू नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी तपासणी केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पाहणारा हात शिकलेला असेल तर साधी पद्धतही उपयोगी पडते, हा त्यातला धडा.

स्तनाच्या कॅन्सरबाबत याच मुंबईच्या अभ्यासाचा वीस वर्षांचा निकाल २०२१ साली आला. आरोग्यसेविकेने हाताने स्तन तपासल्याने पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र असा लाभ दिसला नाही. तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झाला. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असणाऱ्यांचे तोंड नुसते उजेडात नीट पाहिल्याने त्यांच्यातील मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली दिसले. सरसकट सर्वांत मात्र लाभ ठामपणे सिद्ध झाला नाही. ज्याला धोका जास्त, त्यालाच तपासणीचा लाभ जास्त, हे यावरून दिसते.

खर्चाची बाजू

आता खर्चाचे पान उलटू. खर्च म्हणताना आम्ही फक्त पैशाचा खर्च धरीत नाही.

(१) खोटी धोक्याची घंटा. केवळ हिशेब समजावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण देतो. समजा एका शिबिरात १,००० बायका आल्या. त्यांत खरोखर रोग ५ जणींना आहे. चाचणी चांगली आहे. पाचांतील चार पकडते. निरोगी ९९५ जणींत शंभरी सात चुकीच्या 'संशयित' ठरतात, म्हणजे सुमारे ७०. एकूण बोलावणे ७४ जणींना गेले. त्यांत रोगी ४ आणि निरोगी ७०! त्या सत्तर जणी पुढील तपासणी होईपर्यंत झोपत नाहीत, शहराच्या खेपा करतात, प्रवासाला पैसे मोडतात, घरात बोलणी होतात. उस्मानाबादच्या अभ्यासातही विषाणूची चाचणी केलेल्यांपैकी शंभरी सुमारे दहा बायकांना पुढील तपासणीस बोलवावे लागले, आणि त्यांतील फार थोड्यांना कॅन्सर होता. तेथे मृत्यू निम्मे झाले म्हणून हा त्रास सोसण्याजोगा ठरला. जेथे मृत्यू कमीच होत नाहीत, तेथे हा त्रास कशासाठी सोसायचा?

यावरून एक गोष्ट गाठीस बांधावी. 'संशयित' म्हणजे 'कॅन्सर' नव्हे. चाळणीत अडकलेला प्रत्येक खडा हिरा नसतो.

(२) खोटा दिलासा. वरच्याच उदाहरणात पाचवी बाई सुटली. तिच्या हातात 'सर्व ठीक' असा कागद आहे. पुढे सहा महिन्यांनी गाठ लागली तरी ती म्हणते, "माझी तपासणी झालीय." असा कागद लक्षणापेक्षा मोठा मानू नये.

(३) न मारणारा कॅन्सर. ही बाब ऐकायला नवलाची वाटते, पण ती खरी आहे. काही कॅन्सर इतक्या सावकाश वाढतात की माणूस अन्य कारणाने म्हातारा होऊन जाईपर्यंत ते त्रासच देत नाहीत. ऊस चौदा महिन्यांचा झाला, तोडणीची चिठ्ठी आली, टोळी बांधावर उभी आहे, अशा वेळी फडात थोडी कीड सापडली म्हणून कुणी फवारणी काढीत नाही. औषधाचा पैसा जाईल, उसात काही फरक पडणार नाही. पण माणसाच्या बाबतीत 'कॅन्सर' हा शब्द एकदा कानावर पडला की थांबायची छाती कुणाची होत नाही.

दक्षिण कोरियात नेमके हेच घडले. तेथे १९९९ पासून सरकारी चाळणी तपासणी सुरू झाली. तीत गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची तपासणी नव्हती, पण दवाखान्यांनी थोडे पैसे जास्त घेऊन तिची सोनोग्राफीही करून द्यायला सुरुवात केली. २०११ साली थायरॉइड कॅन्सरच्या नोंदी १९९३ च्या पंधरापट झाल्या. एका वर्षात चाळीस हजारांवर माणसांना हा कॅन्सर सांगितला गेला व बहुतेक सर्वांची शस्त्रक्रिया झाली. कित्येकांना जन्मभर गोळ्या लागल्या, शंभरातील दोघांच्या स्वरतंतूंना इजा झाली. आणि थायरॉइड कॅन्सरने मरणाऱ्यांची संख्या? ती होती तिथेच राहिली. २०१४ साली तेथील डॉक्टरांनीच उघड विरोध केला, तेव्हा तपासण्या व शस्त्रक्रिया कमी झाल्या.

जपानात तान्ह्या बाळांच्या लघवीवरून एका जातीचा कॅन्सर शोधण्याची देशव्यापी मोहीम १९८० च्या दशकाच्या मध्यापासून चालू होती. पुष्कळ बाळे सापडली, त्यांच्यावर उपचार झाले, पण मृत्यू घटल्याचे सिद्ध होईना. त्यांतील बऱ्याच गाठी आपोआप विरणाऱ्या होत्या. शेवटी ती मोहीम सरकारने थांबवली.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी 'पी.एस.ए.' नावाची रक्ताची चाचणी पॅकेजमध्ये हमखास असते. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०१८ साली तिचा हिशेब दिला. ५५ ते ६९ वयाच्या १,००० पुरुषांची १३ वर्षे तपासणी केल्यास सुमारे २४० जण संशयित ठरतात, १०० जणांना कॅन्सर सांगितला जातो, सुमारे ८० जणांवर शस्त्रक्रिया वा किरणोपचार होतात, आणि मृत्यू टळतात एक किंवा दोघांचे. उपचार झालेल्यांपैकी पंधरा-एक जणांना लघवी आवरत नाही व पन्नास-एक जणांचे पुरुषत्व बाधित होते. म्हणून त्या मंडळाने ही चाचणी सरसकट करा असे म्हटले नाही. डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावे, आणि सत्तरीपुढे करू नये, असे सांगितले.

स्तनाच्या क्ष-किरण तपासणीचा म्हणजे मॅमोग्राफीचा हिशेब २०१२ साली ब्रिटनमधील स्वतंत्र तज्ज्ञ समितीने मांडला. पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षे या तपासणीस बोलावल्यास ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ स्त्रियांना असा कॅन्सर सांगितला जातो जो एरवी त्यांना कळलाही नसता. या दोन आकड्यांकडे पाहून एखादी बाई "मी करीन" म्हणेल, दुसरी "नको" म्हणेल. दोघीही शहाण्याच. पण दोन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेवले पाहिजेत. एकच आकडा सांगणे ही अर्धी गोष्ट सांगणे होय.

भीतीचा बाजार

तपासणीपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे तपासणी न करता नुसती भीती घालणे. याचे उदाहरण आपल्या धंद्यातच आहे व ते सांगताना मान खाली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ साली उघड झाले. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरे जाते, पाळीत त्रास होतो, ओटीपोट दुखते, अशा तक्रारी घेऊन या बाया दवाखान्यात गेल्या. "पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल" असे आपल्याला सांगितल्याचे त्यांतील कित्येकींनी सांगितले. त्यात खाड्याची भीती. एक दिवस काम बुडाले की उचलीतून पैसे कटतात, मग पिशवीच नको, असा विचार.

ज्या आजाराला चाचणी व औषध पुरेसे होते, तेथे अवयव गेला. कमी वयात पिशवी आणि त्यासोबत अंडाशय काढले की बाईची हाडे लवकर ठिसूळ होतात, कंबर धरते, आणि मोळी उचलणे तर चुकतच नाही. आपला ऊस ज्यांच्या कोयत्यावर कारखान्यात येतो, त्यांचे हे नुकसान आपल्या ताळेबंदात धरलेच पाहिजे.

मग कोणी काय करावे?

स्त्रियांनी : वयाच्या तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी अवश्य करावी. विषाणूची चाचणी मिळत असेल तर उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सल्ल्याप्रमाणे ती पाच ते दहा वर्षांतून एकदा पुरे. ती न मिळाल्यास शिकलेल्या परिचारिकेकडून ॲसिड लावून पाहणी करून घ्यावी. लाजेपायी टाळू नये. स्तन आरोग्यसेविकेकडून तपासून घ्यावेत. पन्नाशीपुढे तर न चुकता.

तंबाखू, गुटखा, विडी, मशेरी वा दारू घेणाऱ्यांनी : तोंड उजेडात तपासून घ्यावे. पांढरा वा लाल चट्टा दिसला तर त्याच आठवड्यात दाखवावे. मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे, हे आमच्या माता-भगिनींनी विसरू नये. व्यसन सोडणे ही मात्र अशी गोष्ट आहे की जिच्यात नफाच नफा, तोटा काही नाही.

इतरांनी : काही त्रास नसता थायरॉइडची सोनोग्राफी, कॅन्सरच्या 'मार्कर' म्हणून रक्ताच्या चाचण्या, सरसकट सीटी स्कॅन, यांच्या पॅकेजवर पैसे घालू नयेत. बीजकोशाच्या कॅन्सरसाठी रक्ताची मार्कर चाचणी व सोनोग्राफी ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर अजमावली. २०२१ च्या निकालात मृत्यू घटले नाहीत. मात्र सख्ख्या नात्यात एकापेक्षा जास्त जणांना कॅन्सर झाला असेल, तर त्यांचा हिशेब निराळा. त्यांनी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तिन्ही तपासण्या तिशीपुढील लोकांसाठी सरकारी कार्यक्रमात आहेत. २०१६ साली केंद्र सरकारने त्याची रूपरेषा काढली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईंकडे चौकशी करावी. त्यासाठी हजारो रुपयांचे पॅकेज लागत नाही.

शिबिरास होकार देण्यापूर्वी पाच प्रश्न

ग्रामपंचायत, सोसायटी वा गणेश मंडळ शिबिर घेत असेल तर आयोजकांनी व सभासदांनी हे विचारावे :

१. ही तपासणी कोणत्या कॅन्सरची, आणि कोणत्या वयाच्या माणसांसाठी?
२. हिच्यामुळे त्या कॅन्सरचे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले आहे काय?
३. हजारांतील किती जण संशयित ठरतील, व त्यांत खरे किती निघतील?
४. संशयित निघालेल्याची पुढील तपासणी कोठे, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने?
५. रोग निघालाच तर उपचार कोठे होतील? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतील काय?

चौथ्या व पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते शिबिर भरवू नये. माणसाला संशयित ठरवून वाऱ्यावर सोडणे हे न तपासण्याहून वाईट.

शेवटी एक विनंती. ऊसतोडीच्या टोळ्या गळीत हंगामात पाच-सहा महिने आपल्या शिवारात असतात. त्यांच्यातील तिशीपुढील महिलांची गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य केंद्रामार्फत कोपीवर वा तळावर व्हावी, त्या दिवसाचा खाडा धरला जाऊ नये, आणि अहवाल लेखी त्यांच्या हाती द्यावा, कारण हंगाम संपताच त्या आपल्या गावी जातात. हे काम गटागटांतील सभासदांनी मनावर घेतले तर होण्यासारखे आहे. ही बाब आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे मांडणार आहोत. सभासदांनी आपापल्या गटात तिची चर्चा करून यावे.